ढवळी आणि मैय्याची कढाई

मी नवस बोलणाऱ्यांतली नव्हे. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या माहेरच्या घरात माझ्या आईचे आयुष्य नवस बोलण्यात आणि फेडण्यात गेले, आणि ते पाहतच मी मोठी झाले. पण शिकून इंग्रजीची शिक्षिका झाल्यावर मला वाटू लागले की देवाशी असा सौदा करणे बरे नाही. नमस्कार करावा आणि आपल्या कामाला लागावे. म्हणून गेल्या पावसाळ्यात आबांना, तुमच्या आजोबांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहून मी जे बोलले, त्याचे मलाच नवल वाटले. मी म्हणाले, "मैय्या, यांना घरी येऊ दे. मी यांना ढवळीत बसवून तुझ्याकडे घेऊन येईन आणि तुझी कढाई करीन."

चिन्मय, जुई, तुम्ही इतक्या लांब वाढलात की यातले निम्मे शब्द तुम्हाला समजावून सांगायला हवेत. मैय्या म्हणजे नर्मदा. जबलपुरात तिला कुणी नुसती नदी म्हणत नाही. कढाई म्हणजे तिच्या काठावर चूल मांडून शिरा करायचा, तो आधी तिला दाखवायचा आणि मग तिथल्या लहान मुलींना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचा. आणि ढवळी म्हणजे आपली जुनी गाडी. तुम्ही आलात की जिच्या मागच्या सीटवर चढून उड्या मारायचात, तीच.

ढवळी घरात आली तेव्हा आबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांची नोकरी बरगी धरणावर आणि घर सिविल लाइंसमध्ये. गाडी मळकट पांढऱ्या रंगाची होती. आबांची आई दारात आली, तिने गाडीला कुंकू लावले, पुढच्या दिव्यांपाशी मूठभर हिरवे गवत ठेवले आणि म्हणाली, "आली माझी ढवळी गाय." तेव्हापासून तिचे तेच नाव पडले. मला गाडी आबांनीच शिकवली. सिविल लाइंसचे रस्ते त्या वेळी सकाळी अगदी मोकळे असत, दोन्ही बाजूंना मोठी झाडे, आणि सावलीतून गाडी हळूहळू न्यायची. मी गाडी बंद पडेल या भीतीने क्लचवरचा पाय सोडायचीच नाही. आबा म्हणायचे, "दुधावरची साय काढतेस ना, तसा पाय उचल. आणि बंद पडली तर पडली, काहून घाबरतेस? बंद पडलेली गाडी पुन्हा चालू होते." नंतर कितीतरी वर्षे दर हिवाळ्यात आम्ही बरगीला जायचो. धरणाच्या खालच्या अंगाला एक लहानसा घाट आहे, चार पायऱ्या आणि एक पिंपळ. तिथे सतरंजी पसरायची, तुमच्या बाबांनी पाण्यात खडे मारायचे आणि आबांनी गाडीच्या बॉनेटला टेकून पेपर वाचायचा. दवाखान्यात माझ्या डोळ्यांसमोर आले ते हेच. त्यामुळे मी नुसते "घेऊन येईन" म्हणून थांबले नाही, "ढवळीत बसवून" असेही म्हणून बसले.

मैय्याने तिची बाजू लवकर पाळली. आबा घरी आले. उजवा हात आणि पाय अशक्त, बोलणे तुटक, पण घरी आले. मग माझ्या लक्षात आले की जे घरी आले आहेत ते आबा नाहीतच. ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. व्यायाम करून घ्यायला बाई येत, त्यांच्यापुढे हात लाकडासारखा सोडून देत. व्हरांड्यात खुर्ची मांडली तर तिथे यायचे नाही, कारण फाटकातून लोक पाहतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की शरीराला अजून येण्यासारखे आहे, पण मनच मागे राहिले तर जे आहे तेही जाईल. तुमच्या बाबांनी फोनवर किती सांगून पाहिले. आबा ऐकायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे.

एके दिवशी मी त्यांच्या पाठीशी बसून नवसाची गोष्ट सांगितली. वाटले होते हसतील, निदान चिडतील तरी. ते भिंतीकडे पाहतच म्हणाले, "ढवळीतून… येईन."

मी म्हटले, "ढवळी पावसाळाभर शेडमध्ये पडून आहे. टॅक्सी सांगू या का?"

"टॅक्सीत पेशंट जातो," ते म्हणाले. झटक्यानंतरचे त्यांचे ते सगळ्यात लांब वाक्य होते.

म्हणजे सगळे त्या गाडीवर येऊन ठेपले. मी शकीलभाईंना बोलावले. त्यांचे वडील ढवळीची देखभाल करायचे, आता ते करतात. शेडचे पत्रे गळत होते आणि टाकीत पाणी शिरून आत गंज धरला होता. शकीलभाईंनी टाकी उतरवून धुतली, पेट्रोलच्या नळ्या बदलल्या, नवा पंप बसवला, कार्बोरेटर उघडून स्वच्छ केला. त्यांनी फेरी मारून आणली तेव्हा ढवळीचा आवाज ऐकून मला भरून आले. आतून आबांचीही हाक आली, "चोक… बंद कर म्हणाव." त्यांनी आवाजावरून ओळखले होते. शकीलभाई जाताना म्हणाले, "अम्मा, बस इतना देखना, टंकी में पानी न जाए."

तुम्हाला तुमची आजी ठाऊक आहे. लोणच्याच्या बरणीला मी आधी फडके, मग झाकण, मग वरून पुन्हा फडके आणि दोरी बांधते. देवघरात आपला गंगेचा गडू आहे ना, माझ्या आजेसासूबाईंनी काशीहून आणलेला तांब्याचा गडू, ज्याचे तोंड डाग देऊन कायमचे बंद केले आहे. लहानपणी चिन्मयने विचारले होते की आत पाणी आहे हे कशावरून, आणि मी तो कानाशी हलवून दाखवला होता. इतक्या पिढ्यांत त्यातला थेंब उडाला नाही, कारण तोंड नीट बंद केलेले आहे. मला तशी बंदोबस्ताची कामे आवडतात. शकीलभाई गेल्यावर मी टाकीचे झाकण उघडून पाहिले. झाकणात एक बारीक छिद्र होते. मी मनात म्हटले, हेच ते, इथूनच पाणी शिरले. नळ गळायला लागला की दोन रंगांचे गोळे एकत्र मळून लावतात, ती लांबी घरात होती. मी ती मळली, झाकणाच्या आतल्या बाजूने छिद्रात दाबून बसवली आणि बोटाने सपाट केली. वाळल्यावर दगडासारखी झाली. काम इतके नीटनेटके झाले होते की ओळखूसुद्धा येत नव्हते. हे मी कुणाला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे मला वाटलेच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ढवळी बंद पडू लागली.

सुरू व्हायची झकास. सिविल लाइंसच्या दोन रस्त्यांवर नीट चालायची, मग अडखळायची, उचकी लागल्यासारखी हिसके द्यायची आणि थांबायची. मी शकीलभाईंना फोन करायची. ते येत, टाकीचे झाकण उघडून काडी बुडवून पेट्रोल पाहत, झाकण लावत, बॉनेट उघडून पंप तपासत, एखादा नट आवळत आणि सेल्फ मारला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू. "देखिए अम्मा, मक्खन," ते म्हणत, आणि ते असेपर्यंत ती खरोखर लोण्यासारखी चालायची. ते गेले की पुन्हा तेच. त्यांनी कार्बोरेटर पुन्हा उघडला, नवा पंप काढून दुसरा नवा बसवला, इंजिन तापून पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून पंपावर ओले फडके ठेवायला सांगितले. एकदा वैतागून म्हणाले, "अम्मा, गाड़ी में अब कोई नुक्स नहीं है. अब तो इसका मूड है."

तुमच्या बाबांचे म्हणणे सरळ होते. "आई, ती गाडी विकून टाक. आबांना अर्ध्या रस्त्यात घेऊन बसलीस तर काय करशील?" आबांना मात्र रोज आतून सगळे ऐकू यायचे. गाडी सुरू झाल्याचा आवाज, फाटकातून बाहेर गेल्याचा आवाज, आणि मी पायी परत आल्याचा आवाज. पहिले काही दिवस त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग पाहणे सोडले. तेव्हा मला खरी भीती वाटली. मी देवघरात बसून मैय्याला विचारले, मी शब्द दिला तो तुला आवडला नाही का? की नवसाबद्दल इतकी वर्षे जे बोलले त्याची ही शिक्षा? देवघरातून काही उत्तर येत नसते. गडू तेवढा समोर चमकत होता.

माघातला एक सोमवार मी ठरवून टाकला. गाडी सुधारेल तेव्हा जाऊ म्हटले तर जाणे होणारच नाही, हे मला दिसत होते. रवा, तूप, गूळ, लहान कढई, वाळकी लाकडे, पाण्याची कळशी आणि पंपासाठी ओली फडकी असे सगळे मी डिकीत लावले. शकीलभाईंनी आबांना उचलून पुढच्या सीटवर बसवले. ते सोबत येतो म्हणत होते, पण आबांनी डाव्या हाताने नको अशी खूण केली. "बाबूजी को अम्मा की ड्राइविंग पर भरोसा है," शकीलभाई म्हणाले. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि भुवई वर केली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत अशीच करायचे.

सिविल लाइंस ओलांडली, गाव मागे पडले, आणि तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत ढवळी न कुरकुरता आली. खाली मैय्या निळी दिसत होती, हिवाळ्यात असते तशी संथ. पुलावर गाडीतून नाणे टाकायची आपली पद्धत. मी नाणे आबांच्या हातात दिले. डाव्या हाताने त्यांनी ते खिडकीबाहेर फेकले, पण ते कठड्याला लागून रस्त्यावरच पडले. पूल संपला आणि गाडीने पहिली उचकी दिली.

रस्त्याच्या कडेला घेतली. शकीलभाईंची पद्धत पाहून पाठ झाली होती, त्यामुळे टाकीचे झाकण उघडले, पेट्रोल पाहिले, लावले, पंपावर फडके ठेवले. सुरू झाली. पुढे हमरस्त्यावर पुन्हा बंद. पुन्हा तेच केले, पुन्हा सुरू झाली. मागून ट्रक हॉर्न देत जात होते आणि आबांच्या कपाळावर घाम आला होता. बरगीपासून धरणाकडे वळलो तेव्हा मला वाटले, आता पोचलो. दोन्हीकडे हरभऱ्याची शेते, मध्ये अरुंद रस्ता, ओळखीचे वळण. त्या वळणावर ती तिसऱ्यांदा थांबली. पेट्रोल आहे हे दोनदा पाहिले होते, म्हणून या वेळी झाकण उघडलेच नाही. नुसते फडके ठेवले, थोडे थांबले आणि सेल्फ मारला. नाही. पुन्हा मारला. सेल्फचा आवाज हळूहळू बसत गेला, एखाद्याचा घसा बसतो तसा.

आबा समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "चल. परत."

परत म्हणजे कुठे, ते मला माहीत होते. परत म्हणजे कॉट आणि भिंत. आणि तिथून मी त्यांना पुन्हा बाहेर काढू शकले नसते. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले आणि मनात म्हटले, मैय्या, मला जेवढे सुचले तेवढे मी केले. आता मला काही सुचत नाही. तुला हे हवे असतील तर तू बघ. हे मी रागाने म्हटले की थकून, आज सांगता येणार नाही. पण त्यात माझी हुशारी अजिबात नव्हती एवढे खरे.

जिथे गाडी थांबली तिथून हाकेच्या अंतरावर एक सदावर्त होते. मैय्याची परिक्रमा करणारे लोक पायी चालत येतात, तिच्या दोन्ही काठांनी, महिनोन्‌महिने. त्यांना जेवू घालणारी अशी घरे आणि आश्रम वाटेवर असतात. पत्र्याखाली मोठी चूल पेटली होती आणि एक बाई पुऱ्यांची कणीक मळत होती. ओट्यावर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई पाय चोळत बसली होती, माझ्याच वयाची, काठी आणि कमंडलू शेजारी ठेवलेला. मी आबांसाठी पाणी मागायला गेले. आबांना मी मराठीत "आलेच" म्हणाले ते तिने ऐकले.

"तुमी मराठी काय? इकडे कशा?" तिने विचारले.

"आम्ही इथल्याच, जबलपूरच्या. पिढ्यान्‌पिढ्या. तुम्ही?"

"मी वर्ध्याकडची. परतीच्या वाटेवर हाओ आता." मग तिने गाडीकडे पाहिले. "मालक काहून उतरत नाही? रुसले का?"

का कोण जाणे, मी त्या अनोळखी बाईला सगळे सांगितले. झटका, भिंत, नवस, बंद पडणारी गाडी. तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाली, "गाडीतलं मले काही समजत नाही, बाई. पण मैय्यानं इथं थांबवलं तं चहा पिऊन घ्या. रिकाम्या पोटी कोणी रडू नये." तिने स्वतः कपात चहा ओतला आणि आबांना गाडीपाशी नेऊन दिला. मी लांबून पाहत होते. ती खिडकीत वाकून म्हणाली, "दादा, मी इतकी पायी चालली, अन् तुमी बसून आले तरी थकले?" आबा कुणाकडे पाहत नसत, पण त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि कप डाव्या हातात घेतला.

ती परत आली तेव्हा पुऱ्या करणारी बाई तेलाचा नवा पत्र्याचा डबा उचलून कढईत तेल ओतत होती. एका कोपऱ्यात तिने छिद्र पाडले होते. तेल आले, गुडगुड केले, थांबले. तिने डबा हलवला. पुन्हा थोडे आले, गुडगुड केले, जमिनीवर सांडले, थांबले.

"अवो दीदी," वर्ध्याची बाई म्हणाली, "एकच छेद काहून केला? उधर दूसरा करो. हवा अंदर नाही गेली तं तेल बाहेर कसं येईन?"

"अरे हाँ अम्मा, जल्दी में भूल गई."

"जल्दी में धरती को पुरी खिला रही हो तुम."

दोघी हसल्या. त्या बाईने खिळा आणि दगड घेऊन समोरच्या कोपऱ्यात दुसरे छिद्र पाडले, आणि तेलाची धार अखंड पडू लागली, न अडखळता, न उचकता. मी हातात कप घेऊन त्या धारेकडे पाहत उभी राहिले. हे काय मला माहीत नव्हते? जन्मभर स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याला दोन छिद्रे मीच पाडत आले. एक तेलाला, एक हवेला. आणि मग मला झाकणातले ते बारीक छिद्र आठवले, आणि त्यावर सपाट केलेली लांबी.

कप तिथेच ठेवून मी गाडीकडे गेले. टाकीचे झाकण फिरवले तेव्हा सुस्स असा आवाज झाला, तहानलेल्या माणसाने घोट घेतल्यासारखा. तो आवाज आधीही होत असणार. मी ऐकला नव्हता, कारण मी पेट्रोल पाहायला उघडत होते. शकीलभाई झाकण उघडायचे तेव्हा हवा आत जायची, म्हणून ते असताना ती नीट चालायची. वाटेत दोनदा मी ते उघडले, दोनदा ती सुरू झाली. बंद झाकणामुळे टाकीत हवा शिरायची नाही, आत पोकळी व्हायची आणि पंप ओढून ओढून दमायचा. पाणी आत जाऊ नये म्हणून मी तिचा श्वासच बंद केला होता. मी झाकण पुन्हा ठेवले, पण घट्ट केले नाही. अर्धा आटा सैल सोडला. आत बसून थोडा वेळ थांबले आणि सेल्फ मारला. त्याच्यात जेवढा जीव उरला होता तेवढा पुरला. ढवळी सुरू झाली आणि सुरूच राहिली.

मी त्या बाईला म्हटले, चला, तुम्हाला घाटापर्यंत सोडते. ती हात जोडून म्हणाली, "मले गाडीत बसता येत नाही, बाई. पायीच चालायचं म्हणून निघाली मी. तुमी व्हा समोर. नर्मदे हर." मी काय केले हे तिला सांगायचे होते, पण सांगितले असते तर तिला ते कळलेही नसते कदाचित, आणि गाडी बंद करायची माझी छाती नव्हती. मीही "नर्मदे हर" म्हटले. आबांनी डावा हात कपाळाला लावला.

घाट तसाच होता, चार पायऱ्या आणि पिंपळ. गावातल्या दोन बायकांनी आणि एका नावाड्याने आबांना धरून पायरीवर आणून बसवले. आबांनी चपला काढायला सांगितल्या. मी त्यांचे पाय पाण्यात ठेवले. डावा पाय आधी दचकला, मग उजवासुद्धा किंचित दचकला. आम्ही दोघांनी ते पाहिले. मी चूल मांडली. रवा भाजताना त्यांनी हात पुढे केला, तेव्हा मी उलथने त्यांच्या डाव्या हातात दिले. थोडा रवा कढईबाहेर सांडला. मुंग्यांनाही कढाई मिळाली.

शिरा वाफेवर ठेवला आणि मग मी त्यांना सगळे सांगितले. झाकणातले छिद्र, लांबी, बोटाने केलेली सफाई, आणि शकीलभाईंनी उगाच बदललेला तो पंप. मी शिक्षिका आहे, चूक सांगताना ओळीने सांगते. आबा ऐकत होते. मग त्यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला.

"तू," ते म्हणाले, "गाडीचं… लोणचं घातलंस."

आणि ते हसले. तोंड एका बाजूने वाकडे, आवाज चिरका, डोळ्यांतून पाणी, आणि थांबेचनात. मीही हसू लागले. शिऱ्यासाठी जमलेल्या मुली आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे पाहत राहिल्या. दवाखान्यातून घरी आणल्यानंतर मला वाटत होते की आबा अजून यायचे आहेत. ते त्या पायरीवर आले.

परतताना सदावर्तापाशी थांबून शिरा दिला. एक द्रोण त्या बाईसाठी राखून ठेवला होता, पण ती पुढे निघून गेली होती. तिचे नाव विचारायचे राहिले. पुऱ्या करणारी म्हणाली, आज कितीतरी गेल्या. तो द्रोण आबांनी खाल्ला. घरी आल्यावर शकीलभाईंना झाकण दाखवले तेव्हा ते डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. मग म्हणाले, "अम्मा, आपने तो गाड़ी को भी गंगाजल बना दिया." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे झाकण बसवले आणि मला बजावले की याला हात लावायचा नाही.

मुलांनो, यात चमत्कार आहे असे मी तुम्हाला म्हणणार नाही. तेलाच्या डब्याचे शास्त्र तुमच्या शाळेतही शिकवतात. मी फक्त एवढेच सांगते की ज्या वळणावर माझी बुद्धी संपली, तिथेच गाडी थांबली, तिथेच चूल पेटली होती आणि त्याच वेळी नवा डबा उघडला गेला. मी आयुष्यभर सगळे घट्ट बंद करून ठेवत आले आणि त्याला काळजी घेणे म्हणत आले. आबांच्या आजारातही तेच केले. औषधांच्या वेळा, खिडक्यांचे पडदे, पाहुण्यांना मनाई. नुकसान आत येऊ नये म्हणून मी जे बंद केले, त्यातूनच येणारी हवाही बंद झाली होती. समर्पण म्हणजे सगळे सोडून हात जोडून बसणे असे मला पूर्वी वाटायचे, म्हणून ते मला जमायचे नाही. आता वाटते की तेवढे मोठे काही मैय्या मागतच नसावी. अर्धा आटा सैल सोडला तरी ती आत येते.

गंगेचा गडू मात्र अजून डाग दिलेलाच आहे. त्याला कुठे जायचे नसते. ढवळीला असते, आणि आता आबांनाही. सकाळी ते काठी घेऊन व्हरांड्यात येतात, फाटकातून लोक पाहतात आणि ते लोकांना पाहतात. मी किल्ली घेऊन बाहेर आले की खुर्चीतून हळूच विचारतात, "झाकण… पाहिलंस?" मी हो म्हणते. तरी ते उठतात, माझ्या खांद्यावर हात ठेवून शेडपर्यंत चालत येतात आणि त्या बारीक छिद्रावर डाव्या हाताचे बोट फिरवून स्वतः खात्री करून घेतात. त्यांना माझ्यावर भरवसा नाही. मी मैय्याचे त्याबद्दल रोज आभार मानते, कारण शेडपर्यंतची ती चाल त्यांना त्या अविश्वासानेच दिली आहे.